निसर्गेतिहासाची चार दालने

'निसर्गेतिहास' हा मराठीत रुळलेला शब्द मुळात भाषांतरातून जन्मास आला. ग्रीक भाषेतील 'हिस्टोरिया' ह्या शब्दाचा आद्य अर्थ चौकशी, पृच्छा, शोध असा होता. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाच्या नावात तो ह्याच अर्थाने येतो. त्यात कालक्रमाचा संबंध नाही. आपल्या 'इतिहास' शब्दाची घडण मात्र वेगळी आहे. 'इति ह आस', म्हणजे असे खरोखर घडले, ही त्याची प्रतिज्ञा. एका शब्दात जिज्ञासा आहे, तर दुसऱ्यात घटितांविषयीची ग्वाही आहे. एकोणिसाव्या शतकात दोहोंची गाठ घालण्यात आली, तेव्हा भाषांतरकारांना बहुधा ह्या विसंगतीची जाणीव नसावी. तथापि त्याच शतकात भूविज्ञानाने असे दाखवून दिले की, खडक, वनस्पती आणि प्राणी ह्यांनाही कालक्रम आहे, आणि चौकशी पुरेशी खोल नेली असता ती अखेरीस घटितांपाशीच जाऊन पोहोचते. भाषांतरातील चूक अशा रीतीने अर्थाच्या अंगाने बरोबर ठरली.

हा निसर्गेतिहास सामान्य वाचकाला प्रत्यक्ष अरण्यात क्वचितच भेटतो. तो त्याला भेटतो संग्रहालयात, उद्यानात, ग्रंथात आणि माहितीपटात. ही चार दालने केवळ माहितीची कोठारे नव्हेत. प्रत्येकाची पाहण्याची एक रीत आहे आणि प्रत्येकाचा एक विसरही आहे. कोणते दालन काय दाखविते आणि काय झाकते, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा नाही. कारण ह्या सर्व दालनांत अखेर नावे देण्याचे आणि वर्णन करण्याचेच काम चालते. ह्या प्रश्नाची परीक्षा करण्यास छत्तीसगढातील भिलाई व तिच्या सभोवारची भूमी विशेष सोयीची आहे. अर्वाचीन भारतातील हे एक पोलादी नगर. परंतु त्याच्या जन्मकथेत एक संग्रहालय दडलेले आहे, ही गोष्ट फारशी परिचित नाही.

मराठी भाषकांचा ह्या भूमीशी संबंध आजचा नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढात शिरल्या. १७५८ नंतर बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून कारभार पाहू लागले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर ह्यांचा राज्यकारभार नागपुरातूनच चालत असे. माधवराव सप्रे ह्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, ते ह्याच दीर्घ साहचर्याचे फळ होय. मात्र साहचर्य दीर्घ असूनही त्या भूमीच्या साल वृक्षांविषयी, खडकांविषयी आणि श्वापदांविषयी मराठीने त्या काळात फारसे काही लिहिले नाही. तो निसर्गेतिहास प्रथम इंग्रजीत लिहिला गेला आणि नागपूरच्या एका इमारतीत मांडला गेला.

ही इमारत म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. त्याच्या उभारणीमागे सर रिचर्ड टेंपल ह्या प्रशासकाचा पुढाकार होता; परंतु त्याला अर्थ प्राप्त करून दिला तो स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या संग्राहक वृत्तीने. १८४५ साली नागपूरला आलेल्या हिस्लॉपने रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह भोवतालच्या टेकड्या पायी पालथ्या घातल्या. नागपूरनजीक टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा एक पातळ थर त्यांना १८५१ साली आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, वनस्पतींची फळे आणि कीटकांचे अवशेष अश्मीभूत झालेले होते. ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या थराचे महत्त्व मोठे आहे. दख्खनचा काळा पाषाण एका दमात ओतला गेला नाही. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमध्ये इतका काळ गेला की, तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली आणि पाण्यात जीव नांदले, हे त्यावरून सिद्ध होते. आज हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. चांदा भागातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १८५५ साली प्रसिद्ध केले. ज्या वर्षी संग्रहालय स्थापन झाले त्याच वर्षी, टाकळघाटच्या शिलावर्तुळांची पाहणी आटोपून परतताना, हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावला. गोंड आणि इतर जमातींविषयीची त्याची टिपणे टेंपलने १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली.

ह्या संग्रहालयाला लोकांनी दिलेले नाव 'अजब बंगला' असे आहे. ह्या नावातच एक समीक्षा आहे. ज्याने टाकळीचा थर फोडून पाहिला त्याच्या दृष्टीने तो दगड एका प्रश्नाचे उत्तर होता. ज्याने तो काचेआड पाहिला त्याच्यासाठी ती एक अजब वस्तू झाली. वस्तू मूळ स्थळापासून तोडून कपाटात ठेवली की, तिच्या भोवतीचा प्रश्न मागे राहतो आणि केवळ आश्चर्य पुढे येते. रायपूर येथे राजनांदगावचे अधिपती महंत घासीदास ह्यांच्या देणगीतून १८७५ साली एका अष्टकोनी इमारतीत जे संग्रहालय उभे राहिले, आणि ज्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले, त्यालाही ही मर्यादा चुकलेली नाही. मुंबईस १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव धारण करणारे संग्रहालयही त्याच कुळातले आहे. ह्या संस्थांना 'जादूघर', 'अजायबघर' अशी नावे देशभर पडली, ती प्रेक्षकांच्या अज्ञानाची खूण म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. मांडणीत जे होते त्याचेच ते यथार्थ वर्णन होते.

परंतु काचेआडची प्रत्येक वस्तू मुकी राहते असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादाच्या कारखान्यासाठी लोहखनिजाचा शोध घेणारी टाटांची मंडळी चांदा जिल्ह्यातील लोहारा परिसरात हिंडत होती. तेथील शोध निष्फळ ठरला. तो सोडून देत असल्याचे सरकारी अधिकाऱ्याच्या कानी घालण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले. अधिकारी जागेवर नव्हते. तेव्हा मधला वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा एक रंगीत भूवैज्ञानिक नकाशा टांगलेला होता. त्यात दुर्गच्या बाजूला, त्या काळी रायपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या मुलखात, लोहखनिज दर्शविणारा गडद रंग दोराबजींना दिसला. त्या रंगाच्या मागोमाग ही मंडळी दल्ली आणि राजहरा येथील टेकड्यांवर पोहोचली, आणि खनिज अत्युत्तम असल्याचे त्यांना आढळले. मात्र कोळसा, पाणी आणि वाहतूक ह्यांची सांगड तेथे बसेना. पुढे १९०४ साली प्रमथनाथ बोस ह्यांच्या पत्राने मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधले आणि कारखाना साकची येथे उभा राहिला.

योगायोगाचा भाग असा की, राजहराच्या खनिजाचे पहिले शास्त्रीय वर्णनही ह्याच बोस ह्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत असताना १८८७ साली केले होते. त्यांच्या लेखाचा विषय होता रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योग, म्हणजे स्थानिक लोक आपापल्या भट्ट्यांत लोखंड गाळीत, तो उद्योग. हा तपशील विसरता येण्यासारखा नाही. नकाशावरील गडद रंगाच्या आधी भट्टीचा धूर होता. भूवैज्ञानिकाच्या आधी लोहार होता. मैकल पर्वतराजीतील आगरिया ह्या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर व्हेरिअर एल्विनने १९४२ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोहासुराची कथा सांगणाऱ्या ह्या लोकांच्या ठायी खनिज, कोळशाचे लाकूड आणि भाता ह्यांचे ज्ञान पुराणकथेच्या रूपाने जिवंत होते. संग्रहालयाने नकाशा जपला, पण त्या नकाशाच्या मुळाशी असलेले हे ज्ञान त्यावर कोठेच लिहिले गेले नाही.

टाटांनी सोडून दिलेल्या त्या टेकड्या अर्धशतक वाट पाहत राहिल्या. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ ह्यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज राजहराचे, चुनखडी नंदिनीची. ह्या दोन्ही पदार्थांचा निसर्गेतिहास स्तिमित करणारा आहे. राजहराचे पट्टेदार लोहखनिज दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचले. पाण्यात विरघळलेले लोह प्राणवायूशी संयोग पावून त्या काळी थराथराने खाली बसत गेले, आणि त्या प्राणवायूच्या निर्मितीत सूक्ष्म जीवांचा मोठा वाटा होता. छत्तीसगढच्या खोऱ्यातील चुनखडीत तर अशाच सूक्ष्म जीवांच्या चटयांनी घडविलेले स्तरित घुमट ठिकठिकाणी दिसतात. म्हणजे झोतभट्टीत जे एकत्र येते ते दगड असले, तरी त्यांच्या घडणीत जीवसृष्टीचा हात आहे. भिलाईत रूळ लाटले जातात तेव्हा पृथ्वीवरील एक अतिप्राचीन प्रकरण वितळत असते. पण नगरातील रहिवाशाला हे कोठे वाचावयास मिळते?

दुसरे दालन उद्यानाचे. भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली 'मैत्री बाग' हे प्राणिसंग्रहालययुक्त उद्यान उभारले. भारत-सोव्हिएट मैत्रीचे स्मारक म्हणून त्याला हे नाव मिळाले. देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या मुलांना, त्यांत मराठी कुटुंबांतील मुलेही आली, पिंजऱ्यातील का होईना, वाघाचे पहिले दर्शन येथे घडले. ह्या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही उद्यानाची पाहण्याची रीत तपासलीच पाहिजे.

मैत्री बागेची कीर्ती मुख्यतः तेथील पांढऱ्या वाघांमुळे आहे. पांढरा वाघ ही निराळी जाती नव्हे. १९५१ साली रेवा संस्थानात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बछड्यापासून पांढऱ्या वाघांची पैदास पिंजऱ्यात सुरू झाली, आणि रंग टिकविण्यासाठी तिच्यात जवळच्या नात्यातील संकर वारंवार घडवून आणला गेला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, रंगद्रव्याशी संबंधित एका जनुकातील एकाच बदलामुळे हा वर्ण येतो. ज्या छत्तीसगढाने रानम्हशीला राज्यपशूचा, पहाडी मैनेला राज्यपक्ष्याचा आणि साल वृक्षाला राज्यवृक्षाचा मान दिला, तेथे प्रेक्षकाचे डोळे आधी शोधतात ते ह्या अपवादाला. अजब बंगल्याचीच वृत्ती येथे जिवंत प्राण्याच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. उलट इंद्रावतीच्या आणि उदंतीच्या अरण्यांत अत्यल्प संख्येने उरलेली रानम्हैस, जिला अनेक जण गव्याशी एकरूप समजतात, ती कोणाच्या विशेष गणतीत येत नाही.

वनस्पतिउद्यानाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. उद्यान वृक्षांना एकत्र आणते. पण अरण्यात त्यांना वेगळे ठेवणारी जी सीमा असते ती पुसून टाकते. मध्यभारताच्या निसर्गेतिहासात साग आणि साल ह्यांच्यामधील सीमा ही सर्वांत अर्थपूर्ण रेषा होय. पश्चिमेकडे साग आणि करडा रानकोंबडा. पूर्वेकडे साल, तांबडा रानकोंबडा, बारशिंगा आणि रानम्हैस. उद्यानातील एकाच वाटेवर साग आणि साल शेजारी लावले, म्हणजे दोन्ही वृक्षांची ओळख होते, पण त्यांच्यामधल्या ह्या रेषेची होत नाही. तरीही उद्यानाची परंपरा मुळात इतकी मुकी नव्हती. १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापल्या गेलेल्या 'होर्टुस मलबारिकुस' ह्या ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'मलबारची बाग' असा आहे. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन् ह्या मलयाळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट ह्या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि चित्रफलकांवर वनस्पतींची नावे नागरीतही कोरलेली आहेत. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांची नावे आणि त्यांची अक्षरे ग्रंथात राहिली, ही त्या बागेची थोरवी. नागपूरच्या नकाशावर जे घडले नाही, ते त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी येथे घडले होते.

साग-सालाची ती रेषा प्रथम शब्दांत पकडली ती एका ग्रंथाने, आणि तेथे तिसऱ्या दालनाचे सामर्थ्य दिसून येते. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ ह्या वनाधिकाऱ्याचा मध्यभारताच्या उंच प्रदेशाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात, सागाच्या प्रदेशात एकाकी पडलेल्या सालाच्या एका तुकड्यात, बारशिंगा आणि तांबडा रानकोंबडाही नांदत असल्याचे त्याने नोंदविले. सालाच्या मुख्य अरण्यापासून दूर असलेल्या त्या तुकड्यात सालाचे सोबतीही असावेत, हे निरीक्षण शिकाऱ्याच्या वर्णनाला शास्त्राच्या पदवीस नेते. फॉर्सिथच्या दृष्टीत साम्राज्याचा अहंकार आहे, अरण्याकडे रेल्वेच्या लाकडांचे भांडार म्हणून पाहण्याची सवय आहे. परंतु त्याने स्थळ लिहिले, सोबती लिहिले, आणि हेच अखेर उपयोगी पडले. पुढे देनवाच्या खोऱ्यातून बारशिंगा नाहीसा झाला. कान्हा येथे १९७० च्या सुमारास कठीण भूमीवरील ह्या बारशिंग्यांची संख्या अवघ्या ६६ वर आली होती. ती पुढे वाढली, आणि २०१५ पासून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात बारशिंगे पुन्हा नेऊन सोडण्यात आले. ही त्यांची जुनी भूमी होती, ह्याची लेखी साक्ष १८७१ च्या त्या ग्रंथात होती. एका वाक्याने दीडशे वर्षांनंतर एका प्राण्याला त्याचे घर दाखवावे, ही ग्रंथाच्या दालनाची खरी फलश्रुती होय.

ग्रंथ नेहमीच असा वेळेवर कामी येतो असे नाही. १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगढातच, एका रात्री तीन चित्ते मारले गेले. त्यांचे छायाचित्र १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि संपादकांनी त्या कृत्याचा निषेधही केला. भारतातील चित्त्यांविषयीची ती बहुतेक शेवटची निर्विवाद नोंद ठरली. १९५२ साली हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरात कुनो येथे नामिबियातून आठ चित्ते आणण्यात आले, पण ते आफ्रिकी वंशाचे होते. छापील पानाने येथे साक्ष तेवढी दिली. वाचविण्याची वेळ टळून गेली होती.

ह्या सर्व इतिहासात मराठी कोठे होती? ती मुळीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यकवेत्ते होते. लष्करी शल्यविशारद आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे १९०९ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बा. दा. बसू ह्यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ साली अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. वनस्पतींचे वर्णन करणारा मनुष्य साहित्यिकांच्या सभेचा अध्यक्ष व्हावा, ह्यात त्या पिढीला काही विपरीत वाटले नाही. मात्र त्याचा महाग्रंथ इंग्रजीत आणि त्याची काव्यरसिकता मराठीत, ही विभागणीही त्याच पिढीने स्वीकारली. मराठीला निसर्गाचे सौंदर्य आणि इंग्रजीला निसर्गाचे ज्ञान, असा हा वाटा होता. १९२८ साली सुरू झालेल्या 'सृष्टिज्ञान' मासिकासारख्या प्रयत्नांनी तो नाकारला. तरी ललित वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात निसर्ग बराच काळ भावनेची पार्श्वभूमी म्हणूनच वावरला.

ही वाटणी मोडली ती दुर्गा भागवत ह्यांच्या १९५६ च्या 'ऋतुचक्र' ह्या पुस्तकाने. महिन्यामहिन्याने झाडांत होणारा पालट तेथे निरीक्षणाच्या काटेकोरपणाने येतो, आणि लोककथा, संस्कृत काव्य व प्रत्यक्ष फांदी ही तिन्ही एकाच दृष्टिक्षेपात येतात. लेखिकेच्या ह्या दृष्टीमागे मध्यप्रदेशातील आदिवासींमध्ये राहून केलेल्या संशोधनाची शिदोरी होती, हे विसरता येत नाही. व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या 'सत्तांतर' ह्या कादंबरीत वानरांच्या टोळ्यांचा व्यवहार मानवी रूपकाचे ओझे न लादता कथेस येतो. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांचे कार्य तर भाषेच्या दृष्टीने अनन्यसाधारण आहे. छत्तीसगढच्या सीमेलगतच्या नवेगावबांध परिसरात वनाधिकारी म्हणून वावरताना त्यांनी जाणत्या वनवासी लोकांकडून पक्षी, मासे आणि वृक्ष ह्यांची नावे गोळा केली, आणि संस्कृत ग्रंथांशी ताडून पाहिली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीस 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीस 'काकागार' असे शब्द त्यांच्या लेखनामुळे मराठीत प्रतिष्ठा पावले. ज्या गोष्टीला नाव नाही ती दिसत असूनही पाहिली जात नाही. म्हणून नाव मिळवून देणे हे निसर्गेतिहासातील पहिले वाङ्मयीन कर्म होय, आणि ते नाव कोणाच्या तोंडून घेतले हे नमूद करणे हे दुसरे.

चौथे दालन माहितीपटाचे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने चित्रपटगृहांतून मुख्य खेळापूर्वी अनुबोधपट दाखविण्याची प्रथा देशभर रूढ केली, आणि ज्यांनी ग्रंथ हाती धरला नसता अशा लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत पडद्यावरील अरण्य पोहोचले. पडदा जे करू शकतो ते कपाट, वाफा किंवा पान करू शकत नाही: तो गती जपतो. पण गती जपताना तो निवड करतो, आणि ती निवड लपवितो. ह्याचे उदाहरण ह्याच भूमीत आहे. स्वीडनचे आर्ने सुक्सडॉर्फ ह्यांनी १९५० च्या दशकात बस्तरच्या मुरिया लोकांत राहून जो चित्रपट घडविला तो १९५७ साली प्रदर्शित झाला. इंग्रजीत तो 'द फ्लूट अँड द ॲरो' ह्या नावाने ओळखला जातो. त्याला पंडित रविशंकर ह्यांचे संगीत आहे, आणि १९५८ साली तो कान महोत्सवात दाखविला गेला. नारायणपूरजवळील गढबेंगाल गावचा चेंदरू हा मुलगा त्यात वाघाबरोबर खेळताना दिसतो. त्या मुलाला स्वीडनला नेण्यात आले. आस्त्रिद बर्गमन सुक्सडॉर्फ ह्यांनी त्याच्यावर लिहिलेले सचित्र पुस्तक अनेक भाषांत गेले. नंतर तो गावी परतला, आणि २०१३ साली निवर्तला, तोवर बाहेरच्या जगाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता.

हा चित्रपट खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. त्यातील प्रकाश, पाणी आणि पावले खरी आहेत. परंतु अरण्य आणि मनुष्य ह्यांच्यातील ऐक्याची जी कल्पना पाश्चात्त्य प्रेक्षकाला हवी होती, तिच्या चौकटीत चेंदरूचे बालपण बसविले गेले. पडदा मुलाला मोठा होऊ देत नाही. निसर्गाविषयीच्या चित्रणात काळ थांबविण्याचा हा मोह सर्वत्र आढळतो; आणि निसर्गेतिहासाची प्रतिज्ञा तर नेमकी काळ न थांबविण्याची आहे.

हा काळ आता पुन्हा एकदा वेगाने पुढे सरकत आहे. राजहराचे साठे ओसरू लागल्यावर भिलाईची दृष्टी दक्षिणेकडील रावघाटच्या डोंगरांकडे वळली आणि दल्ली-राजहरापासून तिकडे लोहमार्ग नेण्यात येऊ लागला. रावघाट हा कांकेर-नारायणपूर परिसराचा भाग, म्हणजे ज्या भूमीत चेंदरूचा चित्रपट घडला तिचाच शेजार. चित्रपटातील अरण्य आणि झोतभट्टीचे उद्याचे अन्न एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत. पोलाद नको, असे म्हणण्याचा अधिकार रुळांवरून प्रवास करणाऱ्या कोणाला नाही. पण जे उकरले जाईल ते आधी कोणत्या भाषेत, किती नेमकेपणाने आणि कोणाच्या साक्षीने लिहून ठेवले गेले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक भाषेला आहे.

चार दालनांचा हा आढावा एकाच निष्कर्षाकडे नेतो. संग्रहालय वस्तू जपते आणि स्थळ गमावते. उद्यान जीव जपते आणि सीमा गमावते. माहितीपट गती जपतो आणि काळ गमावतो. ग्रंथ ह्यांपैकी काहीही प्रत्यक्ष जपत नाही. तो केवळ संबंध जपतो: कोणत्या झाडाखाली कोणता पक्षी, कोणत्या थरावर कोणता थर, कोणाच्या तोंडचे कोणते नाव. नागपूरच्या नकाशाने एक नगर वसविले, देनवाच्या नोंदीने एका प्राण्याला घरी परत आणले, मलबारच्या बागेने तीन वैद्यांची अक्षरे साडेतीनशे वर्षे टिकविली. तिन्ही ठिकाणी फलदायी ठरली ती नोंद. म्हणून उरलेल्या तीन दालनांची उणीव भरून काढण्याची जबाबदारी अखेर लेखणीवर येते. मराठीने छत्तीसगढावर जवळजवळ शतकभर राज्य केले आणि पुढेही एकाच प्रांतात राहून त्याच्याशी शेजार राखला. परंतु त्या भूमीच्या खडकांची आणि वृक्षांची वही तिने उशिरा उघडली. भागवत, माडगूळकर आणि चितमपल्ली ह्यांनी ती कशी भरावी हे दाखवून दिले आहे. रावघाटच्या पायथ्याशी आजही गोंडी, हळबी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे प्रत्येक झाडाला त्याच्या नावाने ओळखतात. ती नावे टिपून घेण्यास लागणारी साधने थोडी आहेत. अवधी मात्र त्याहूनही थोडा आहे.